गेंडा कुठून आला

त्या माणसाचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, नुसता आवाज ऐकलाय. घोगरा, मुद्दाम खाली ओढलेला, भुताखेतांच्या मालिकेत असतो तसा. मागे दार करकरल्याचं संगीत. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते आणि बाहेरच्या खोलीत हा आवाज माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला सांगत होता, "तो दोस्तों, आज हम जानेंगे उस गेंडे का काला सच, जो आज तक आपसे छुपाया गया."

मी लाटणं हातात घेऊनच बाहेर गेले. टॅबच्या पडद्यावर तो गेंडा होता. त्याच्या डोळ्यांना कुणीतरी लाल रंग फासला होता. पोरगी पाय पोटाशी घेऊन सोफ्याच्या कोपऱ्यात बसली होती आणि तिचं तोंड किंचित उघडं होतं. मी टॅब तिच्या हातातून ओढून घेतला. "हे काय बघतेस? हा कोण माणूस?" ती म्हणाली, "थिअरी आहे, आई." ज्या सहजपणे ती थिअरी म्हणाली, त्यानेच माझं डोकं सणकलं.

गेंडा कोण ते सांगते. लहान मुलांचं एक कार्टून आहे, कुठल्या तरी परदेशात बनलेलं, आपल्याकडे हिंदीत लागतं. खेळणी दुरुस्त करायचं दुकान. संध्याकाळी शटर खाली आलं की आतली खेळणी बोलू लागतात. प्रत्येकाची एक कहाणी आहे. पत्र्याची आगगाडी एका स्टेशनमास्तरच्या घरची, तीनचाकी अस्वल जुळ्या भावांचं, असं. प्रत्येक भागात एकेकाचं जुनं घर दाखवतात. फक्त गेंड्याचं दाखवत नाहीत. तो राखाडी कापडाचा, पुढचा एक पाय मात्र लाल फुलाफुलांच्या कापडाचा. पहिल्या भागापासून तो सगळ्यात खालच्या फळीवर आहे आणि त्याच्याजवळ एक छोटी किटली आहे. कुणी विचारलं, तू कुठून आलास, की तो म्हणतो, "चाय पिएँगे?" आणि किटली चढवतो. एवढंच. विचारणाराही मग चहा पितो आणि विषय संपतो.

मला हा गेंडा फार आवडायचा. लेकीबरोबर मीही बघायचे. जगातल्या सगळ्या चौकश्यांना यापेक्षा चांगलं उत्तर मी ऐकलेलं नाही.

पण ज्यांना दुसऱ्याच्या बंद दाराला कान लावल्याशिवाय चैन पडत नाही, अशा लोकांचं त्या एका उत्तरावर कसं भागणार? त्यांनी त्या गेंड्याची पार चिरफाड केली आहे. मी नंतर चिडून चिडून ते सगळे व्हिडिओ पाहिले, म्हणून सांगू शकते. कुणी म्हणतं, त्याच्या पहिल्या घराला आग लागली आणि ती त्यानेच लावली. कुणी म्हणतं, तो पाय एका मेलेल्या मुलीच्या फ्रॉकचा आहे. कुणी म्हणतं, तो अपशकुनी, जिथे जातो तिथे वाटोळं करतो. आणि सगळ्यात लोकप्रिय म्हणजे त्या घोगऱ्याची थिअरी: गेंड्याची शिवण सारखी उसवायची, त्याला सारखा नवा कापूस लागायचा, त्याचं सारखं काहीतरी असायचं, म्हणून घरचे कंटाळले आणि त्यांनी त्याला टाकून दिलं. पुरावा? एका भागात त्याला दुसरं बिस्कीट देतात आणि तो नको म्हणतो. "सोचिए दोस्तों, क्यों मना किया उसने? क्योंकि वो डरता है."

अरे, भूक नसेल त्याला! पोट भरलं असेल! कापसाचं का होईना, पोट आहे ते.

एका कापडी गेंड्यावरून बाई एवढी का पेटली, असं कुणाला वाटत असेल, तर आता मूळ गोष्ट सांगते. माझी लेक दत्तक आहे. हे आम्ही तिच्यापासून कधी लपवलं नाही, कुणापासूनच लपवलं नाही. ती वर्षाचीही नव्हती तेव्हा आमच्या घरी आली. त्याआधीचं आम्हाला जे थोडंसं माहीत आहे ते तिला माहीत आहे, आणि ते मी इथे लिहिणार नाही. हे वाचताना तुमच्या मनात जे सुरू झालं असेल ना, कुठली असेल, कुणाची असेल, का बरं सोडली असेल, ते कृपा करून थांबवा. तुमचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. का, या प्रश्नाचं उत्तर तर आम्हालाही कुणी दिलेलं नाही, कारण देणाऱ्यांकडेच ते नव्हतं.

आता दिल्लीतल्या मराठी लोकांबद्दल. आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. नवरा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात, मी गुडगावच्या एका ऑफिसात. दिल्लीकरांच्या लेखी आम्ही सगळे सरसकट 'बंबईवाले'. मग पुण्याचे असा, नागपूरचे असा, नाहीतर कोकणातल्या शेवटच्या वाडीतले. त्यामुळे इथे मराठी माणसाला मराठी माणूस भेटला, की पहिला प्रश्न एकच: मूळचे कुठले? कँटोन्मेंटमधला साताऱ्याकडचा सुभेदार असो नाहीतर नोएडातलं नवंकोरं आयटीतलं जोडपं असो, नाव विचारायच्या आधी मूळ गाव विचारतात. मग तालुका. मग तिथले कोण कोण माहितीचे. चहा निवायच्या आत काहीतरी नातं निघतंच. नवीन लग्न होऊन इथे आले तेव्हा मला या प्रश्नानं रडू यायचं, इतका तो आपला वाटायचा.

पोर घरी आल्यावर तोच प्रश्न टोचायला लागला.

तिच्या पहिल्या संक्रांतीला मी हौसेनं बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळं. इथल्या मराठी मंडळातल्या बायका आल्या, तिच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतल्या, पोरगी खिदळत होती. आणि मी तीळगूळ आणायला आत गेले तर मागून कुजबुज. "नाक बघितलंस? इकडचीच असणार, उत्तरेची." "छे, रंग बघ, आपल्याकडची वाटते." "हॉस्पिटलात ठेवून जातात गं, लग्नाआधीची असली की." "जात काही कळली का?" तीळगुळाचं ताट घेऊन मी दारातच उभी. त्या माझ्या पोरीच्या अंगावरची बोरं वेचून आपल्या पोरांच्या तोंडात घालत होत्या आणि तोंडानं हे चाललं होतं. त्या दिवशीच्या फोटोंत सगळे हसताहेत, फक्त माझा चेहरा कुणाच्या तरी श्रीमुखात द्यावी असा आहे.

तेव्हापासून मी भांडतेच आहे. कुणी विचारलं, "हिचे खरे आईवडील कोण?" की मी म्हणते, "मी खोटी वाटते का?" शाळेत एका बाईंनी 'बिचारी' म्हटलं, तर मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन बसले. नवरा म्हणतो, यार, तू दर वेळी तलवार काढतेस. काढते. त्याच्यासारखं "अच्छा, अच्छा" म्हणत विषय बदलणं मला जमत नाही.

तर त्या थिअरीच्या दिवशी मी टॅब काढून घेतला आणि वाटलं, संपलं. पण तसं संपत नाही. वर्गातल्या अर्ध्या पोरांनी ते पाहिलेलं होतं, डब्याच्या सुट्टीत तीच चर्चा.

मग पोरगी शहाण्यासारखी वागायला लागली. आधी मला बरंच वाटलं. कारल्याची भाजी निमूट खाल्ली. सकाळी एका हाकेत उठली, पोहण्याच्या क्लासला कुरकुर न करता गेली. माझी एक कपबशी तिच्या हातून फुटली, तर तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून दप्तरातून शाळेत नेले आणि तिथल्या कचऱ्यात टाकून आली. ते शेजारणीच्या मुलीकडून कळलं. आमच्या घरात कप फुटल्यावर आजवर कुणी कुणाला काही बोललेलं नाही, मीच दर महिन्याला फोडते. आणि मुख्य म्हणजे तिचा आवाज गेला. आमची मुलगी ओरडकी आहे, माझ्यावरच गेली आहे असं मी कौतुकानं सांगायचे. मनाविरुद्ध झालं की पाय आपटून घर डोक्यावर घ्यायची. ते बंद झालं. "चालेल, आई." "काही नको, आई." घरात पाहुणी आल्यासारखी वागायला लागली होती.

एका शनिवारी ती पाय ओढत चालताना दिसली. बूट काढून बघितले तर अंगठ्याला फोड. बूट कधीचेच लहान झाले होते आणि तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. मी तिला तशीच सरोजिनी नगरच्या बाजारात नेलं. दुकानात गर्दी, पंखा गरगरतोय, दुकानदार एकावर एक खोकी रचतोय आणि ही म्हणतेय, "नको ना आई, आहेत तेच चालतील."

"चालतील काय? पाय बघ तुझा."

"मला सारखं सारखं नवीन लागतं," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "गेंड्याला पण सारखं काहीतरी लागायचं. म्हणून त्याला टाकलं."

मला आधी कळलंच नाही ती काय बोलतेय ते. आणि कळलं, तोवर तिनं पुढचा प्रश्न विचारला होता. हळूच, बाजूच्या बाईला ऐकू जाऊ नये असा.

"आई, मी काय केलं होतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या घोगऱ्याचा गळा समोर असता तर मी तिथेच धरला असता. "काही केलं नव्हतंस! वेडी आहेस का? परत असलं बोलायचं नाही!" हे मी एवढ्या जोरात म्हटलं की दुकानातली माणसं वळून बघायला लागली. मग मी दुकानदारावरही ओरडले, "भैया, एक साइज बडा दिखाइए, कब से खड़े हैं!" तो बिचारा गडबडून शिडीवर चढला. पोरीनं बूट घालून बघितले, होतात म्हणाली, आणि घरापर्यंत माझ्या मागे मागे चालत आली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी त्या व्हिडिओखाली लिहायला बसले. माझ्या पुस्तकी हिंदीत लिहिलं, की तुम्ही मोठी माणसं आहात, तुम्हाला लाज वाटायला हवी, हे मुलं बघतात, ज्याच्याबद्दल काही सांगितलेलं नाही त्याच्याबद्दल वाईटच का धरून चालता, चांगलं काही सुचत नाही का? उत्तरं धडाधड यायला लागली. "आंटी, कार्टून है." "आंटीजी, चिल." एकानं माझ्या नावाने नवीच थिअरी काढली, की ही आंटी म्हणजेच गेंड्याची जुनी मालकीण. त्याला शेकड्यांनी हसरे चेहरे. नवरा मागून वाचत होता. त्यालाही हसू फुटलं, ते मी ऐकलं.

"हसतोस काय?"

"सॉरी, सॉरी. पण यार, तू एका गेंड्यासाठी अख्ख्या इंटरनेटशी भांडतेयस."

"गेंड्यासाठी नाही," मी म्हटलं. त्याचं हसू मावळलं. बुटांच्या दुकानातलं मी त्याला तेव्हा सांगितलं. त्यानं पुढे होऊन तो व्हिडिओ बंद केला. मग म्हणाला, "आपण तिच्याशी नीट बोलायला हवं." मी म्हटलं, बोलले की, काही केलं नाहीस म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "सांगितलंस की ओरडलीस?" यावर आमचं भांडण झालं, आणि बोलायचं राहून गेलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गणपती आले. आमच्या मंडळाचा गणपती पहाडगंजच्या बाजूला एका हॉलमध्ये बसतो आणि रविवारी दुपारी मुलांची वेशभूषा स्पर्धा असते. ती घेतात त्या काकू मूळच्या कोल्हापूरच्या, साठीच्या, उभा जन्म दिल्लीत गेलेला. दिल्लीत वाढणाऱ्या पोरांचं मराठी सुटू नये म्हणून त्यांनी एक नियम घातला आहे. नुसतं नटून यायचं नाही. प्रत्येकानं मराठीत तीन वाक्यं बोलायची: मी कोण, मी कुठून आलो, मी काय करतो. मी भाजीवाली, मी नाशिकहून आले, मी भाजी विकते. मी कोळीण, मी वसईहून आले. चंद्र होऊन आलेल्या पोरालाही काकू विचारतात, कुठून आलास? आकाशातून, म्हणाला की हॉल टाळ्या वाजवतो.

लेकीनं सांगितलं, मी गेंडा होणार. मला नकोसं वाटलं, पण कित्येक दिवसांत तिनं काही मागितलं होतं ते हेच. काकूंना फोन केला. "अगं, ते इंग्रजी कार्टून कशाला?" त्या म्हणाल्या. "परी कर, वासुदेव कर. निदान कुठून आले ते तरी सांगता येईल." मी म्हटलं, गेंडाच होईल. "बरं बाई," त्या म्हणाल्या, "तुझी लेक, तुझी मर्जी. मी घेईन सांभाळून." हे सांभाळून घेणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

नवऱ्यानं जुन्या राखाडी चादरीचा पोशाख शिवून आणला, पुठ्ठ्याचं शिंग केलं, पुढच्या एका पायाला माझ्या फाटक्या लाल ओढणीचं कापड. वाक्यं त्यानं आणि मी मिळून ठरवली. मी गेंडा आहे. मी चहा करतो. तुम्ही घेणार? मधलं वाक्य मुद्दामच गाळलं होतं.

हॉल भरलेला होता. पंखे आवाज करत होते, उदबत्तीचा धूर, मागे मोदकांच्या पराती. माझी पोरगी हातात किटली घेऊन स्टेजवर गेली, माइकसमोर उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली, "मी गेंडा आहे. मी चहा करतो. तुम्ही घेणार?" लोक हसले, छान हसले. माझा जीव भांड्यात पडला.

"घेऊ की!" काकू म्हणाल्या. "पण गेंडोबा, आलात कुठून?"

ती म्हणाली, "चहा घेणार?"

परत हशा. काकूंनी हसत मान हलवली. "नियम म्हणजे नियम. कुठून आलास रे?"

"चहा घेणार?" या वेळी आवाज खाली गेला होता. किटली तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

इथे काकूंनी तिला सोडायला हवं होतं. पण समोर उत्तर नसलेलं पोर दिसलं की ते उत्तर स्वतःच्या पदरचं भरायचं, हा यांचा प्रेमाचा प्रकार. काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, माइक आपल्याकडे घेतला आणि आवाज ओला करून म्हणाल्या, "राहू दे, मी सांगते. हा गेंडा बिचारा एकटा होता हो. त्याला त्याच्या घरच्यांनी टाकून दिलं होतं. मग एका मोठ्या मनाच्या आई-बाबांनी त्याला आपल्या घरी आणलं. आज तो किती सुखात आहे बघा! जोरदार टाळ्या!"

आणि अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. मनापासून. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या, माना माझ्याकडे वळल्या होत्या. पुढच्या रांगेतली एकजण तर हात जोडून माझ्याकडे बघत होती. स्टेजवर माझी पोरगी पुठ्ठ्याच्या शिंगाखालून बघत होती. काकूंकडे नाही, लोकांकडे नाही, माझ्याकडे.

मी खुर्च्या सरकवत पुढे कधी गेले ते मला आठवत नाही. स्टेजवर चढले आणि काकूंच्या हातातला माइक घेतला. "काकू, त्याला टाकून दिलं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अगं, मी चांगलंच बोलले ना..."

"तुम्ही होतात का तिथे?"

"तसं नाही गं, मुलांना आपलं..."

"तुम्हाला माहीत नाही. मलाही माहीत नाही. इथे बसलेल्या एकालाही माहीत नाही. मग माहीत नाही एवढंच म्हणा ना! दोन शब्द आहेत. माहीत नसलेल्या जागेत तुमच्या मनचं कशाला कोंबता? आणि मोठं मन कसलं? आम्हाला मूल हवं होतं, आम्ही मूल आणलं. उपकार केले नाहीत कुणावर!"

टाळ्या थांबल्या होत्या. काकूंचा चेहरा इतका पडला की दुसऱ्या कुठल्याही दिवशी मला वाईट वाटलं असतं. त्या दिवशी नाही वाटलं. आजही फारसं वाटत नाही. मी पोरीचा हात धरला आणि तिला खाली आणलं. नवरा मागच्या बाजूला प्रसादाच्या परातींपाशी होता. तो धावत आला. मी त्याला म्हटलं, तू सगळं आवरून ये, आम्ही निघतो.

रस्त्यावर येऊन ऑटो धरला. शिंगामुळे तिला आत नीट बसता येईना, तर तिनं ते काढून मांडीवर घेतलं. कॅनॉट प्लेसला वळसा घालून आम्ही कस्तुरबा गांधी मार्गाला लागलो. संध्याकाळचं ऊन झाडांतून तिरपं येत होतं. मी धुमसत होते, काकूंना अजून काय काय म्हणायला हवं होतं याची मनात उजळणी करत होते. तेवढ्यात ती म्हणाली, "तुला माहीत आहे."

"काय?"

"मी काय केलं ते. तुला माहीत आहे, फक्त तू सांगत नाहीस."

"कुणी सांगितलं तुला हे?"

"कुणी नाही. मीच शोधलं." आणि तिनं मला शोध सांगितला. माझ्याकडे न बघता, शिंगाचा पुठ्ठा सोलत. "माझं कुणी विचारलं की तू चिडतेस. बोरन्हाणाच्या फोटोत सगळे हॅपी आहेत, तू चिडलेली आहेस. शाळेत टीचरवर चिडलीस. बुटांच्या दुकानात मी विचारलं तर तू एवढी चिडलीस की सगळे बघायला लागले. आज पण. छोटी गोष्ट असती तर कुणी इतकं चिडत नाही. म्हणजे मी काहीतरी बहुत वाईट केलं असणार."

पुरावे चोख होते. इतकी वर्षं मी तिच्यासाठी भांडत होते आणि ती प्रत्येक भांडण जपून ठेवत होती, स्वतःविरुद्ध. माझ्या अंगातली सगळी रग उतरली.

"इकडे बघ," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू येईना, रस्त्यावर हॉर्न वाजत होते, म्हणून तिच्या कानाजवळ तोंड नेलं. "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. माहीत असतं तर तुला सांगितलं असतं."

"मग चिडतेस कशाला?"

"कारण लोक मनाने काहीबाही बनवतात आणि ते तुझ्या कानावर पडतं. तुझ्यावर नाही चिडत. कधीच नाही चिडले."

"आणि तिच्यावर? जिच्या पोटात मी होते तिच्यावर?"

मी खरं ते सांगायचं ठरवलं. "तिच्यावरही नाही. तिच्याबद्दल मला काहीच ठाऊक नाही. चिडायला तरी काहीतरी ठाऊक असावं लागतं ना."

"पण मी काहीतरी केलंच असेल. खूप रडत असेन."

"सगळीच बाळं रडतात. तू आमच्याकडे आलीस तेव्हा तुला धड बसतासुद्धा येत नव्हतं. एका बाजूला कलंडायचीस. मी उशा लावायचे. ज्याला बसता येत नाही, ते काय वाईट करणार? सांग ना. कसं करणार?"

तिनं माझ्याकडे बघितलं. हे तिच्या शोधात कुठेच नव्हतं. आपण तेव्हा किती लहान होतो, हे तिनं मोजलंच नव्हतं.

"कलंडायचे?"

"सारखी."

"पक्का?"

"पक्का. बाबाला विचार."

इंडिया गेटच्या सिग्नलला ऑटो थांबला. आणि मग तिचा चेहरा एकदम लाल झाला. "तर मग आधी सांगायचं ना!" ती ओरडली. असं ओरडली की बाजूच्या स्कूटरवाल्यानं वळून बघितलं. "मला किती टेन्शन होतं! मला स्विमिंग बिल्कुल आवडत नाही! मला पाण्याची भीती वाटते आणि ते सर फार खडूस आहेत, तरी मी जाते, कारण तुम्ही फी भरली! आणि तू सगळ्यांवर ओरडतेस आणि मला काहीच सांगत नाहीस! तू एकदम बेकार आहेस, आई!"

कितीतरी दिवसांनी मी तो आवाज ऐकत होते. ज्या पोराला आपल्याला परत पाठवतील असं वाटतं, ते असं ओरडत नाही. ती पाय आपटत होती, ऑटोचा पत्रा दणदणत होता. मला इतकं बरं वाटलं की मी मागे टेकून बसले.

ऑटोवाला आरशातून बघत होता. "मैडम, सब ठीक है?"

"जी भैया, बिल्कुल," मी म्हटलं. "आप चलाते रहिए." मग तिच्याकडे वळले. "अजून काय?"